दार क्रमांक ३३०६

सकाळचे पाच वाजून वीस मिनिटं झालीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात दूध संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागली आहे. दूध काट्यावर चढतं, नमुना फॅटच्या मशीनला लागतो, पडद्यावर सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर उमटतात. लेखनिक एक बटण दाबतो आणि छोट्या प्रिंटरमधून पावती सरकत बाहेर येते. बटण आणि पावती यांच्यामध्ये जेमतेम अर्धा सेकंद जातो. त्या अर्ध्या सेकंदात दुधाची नोंद मुंबईला जाऊन, तिथल्या एका डेटाबेसमध्ये बसून, बसल्याची खूण घेऊन परत आलेली असते. हे प्रकरण त्या जाण्यायेण्याबद्दल आहे. संस्था मी मनानं रचलेली आहे. तिच्या अडचणी मात्र हे काम करणाऱ्या कुणालाही ओळखीच्या वाटतील.

हीच संस्था पंधरा-वीस वर्षांपूर्वीची असती, तर नोंदीला कुठे जावंच लागलं नसतं. खोलीच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली एक संगणक असायचा. ॲप त्याच संगणकावर आणि डेटाबेसही त्याच्याच पोटात. ॲपला डेटाबेसचा पत्ता सांगताना लिहायचं ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘इथंच, याच घरात’. पासवर्ड बहुतेक वेळा रिकामा. एकाच घरातली माणसं एकमेकांना ओळखपत्र कशाला मागतील? बॅकअप म्हणजे सचिवांच्या खिशातला पेन ड्राइव्ह. एखाद्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि हार्ड डिस्क गेली, की सहा महिन्यांचं दूध कागदावरून पुन्हा भरत बसायचं.

क्लाऊडवरचा डेटाबेस हे त्यावरचं उत्तर. यंत्र दुसऱ्याचं, वीज दुसऱ्याची, रोजचा बॅकअपही तोच काढणार, आपण भाडं भरायचं. पण घरातला माणूस नोकरीला मुंबईला गेला की जे होतं तेच इथंही झालं. ॲप आणि डेटाबेस यांच्यामध्ये दोन नव्या गोष्टी आल्या, अंतर आणि परकेपणा. निरोप पोचायला वेळ लागणार, आणि दार वाजवणारा आपलाच आहे का हे दर वेळी विचारावं लागणार. क्लाऊडवरच्या डेटाबेसशी ॲप जोडताना जी काही खटपट करावी लागते, ती सगळी या दोहोंपैकी एकाची तरी तजवीज असते. पुढे काही क्लिष्ट आलं, तर ते यातल्या कशासाठी आहे एवढं विचारावं. निम्मा गुंता तिथंच सुटतो.

इतिहास थोडक्यात उरकतो. माहिती तक्त्यांमध्ये मांडावी आणि तक्त्यांमधली नाती गणिताच्या शिस्तीनं हाताळावीत, हा विचार आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली त्यासाठी एक भाषा सुचवली, तिचं पुढे एसक्यूएल झालं. आपल्या संस्थेचा डेटाबेस मायएसक्यूएल आहे. तो १९९५ साली स्वीडनमधल्या एका छोट्या कंपनीतून आला. त्यातली ‘माय’ ही आपली माय नव्हे. ते मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांच्या मुलीचं नाव. (धाकटीचं नाव मारिया, तिच्या नावानं पुढे मारियाडीबी आला.) ॲमेझॉननं ऑक्टोबर २००९ मध्ये आरडीएस ही भाड्याच्या डेटाबेसची सेवा सुरू केली ती मायएसक्यूएलपासूनच. पाठोपाठ २०१० मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि २०११ मध्ये गूगल आलं. आपल्या दृष्टीनं महत्त्वाच्या तारखा आणखी पुढच्या: मायक्रोसॉफ्टची क्लाऊड केंद्रं २०१५ मध्ये भारतात आली आणि त्यांचं ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे चक्क पुणे, ॲमेझॉनचं मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झालं, गूगलचं २०१७ मध्ये. त्याआधी इथल्या ॲपचा डेटाबेस बहुधा सिंगापूरला किंवा थेट अमेरिकेत असायचा. त्यानं काय बिघडत होतं ते पुढे येईलच.

आता पत्ता. डेटाबेसशी जोडायला ॲपला पाच गोष्टी लागतात: यंत्राचं नाव, दाराचा क्रमांक, डेटाबेसचं नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड. यंत्राचं नाव भलतंच लांब असतं. त्याच्या मध्यावर ‘एपी-साऊथ-१’ असे शब्द दिसले की मुंबई समजावी. नावाऐवजी थेट आकडी आयपी पत्ता लिहून टाकायचा मोह काहींना होतो. तो टाळावा, कारण यंत्र नादुरुस्त झालं की सेवा देणारा शेजारचं राखीव यंत्र पुढे करतो. नाव तेच राहतं, त्यामागचा आकडा बदलतो. दाराचा क्रमांक म्हणजे पोर्ट. मायएसक्यूएलचा ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १४३३. एकाच वाड्यात अनेक बिऱ्हाडं असावीत आणि प्रत्येकाचं दार वेगळं, तसं हे.

पासवर्डबद्दल एक खास आपल्याकडची गंमत. हे पाचही तपशील बरेचदा एकाच लांब ओळीत लिहितात, आणि त्या ओळीत वापरकर्ता व पासवर्ड संपून यंत्राचं नाव कुठे सुरू होतं हे दाखवायला ‘@’ हे चिन्ह असतं. आता आपल्या देशात पासवर्ड कसा असतो? गावाचं किंवा संस्थेचं नाव, पुढे @, पुढे १२३. झालं. ओळ वाचणारी लायब्ररी बरेचदा पहिल्या @ पाशीच पासवर्ड संपला असं धरते आणि ‘१२३’ पासून सुरू होणारं यंत्र जगभर शोधत बसते. ते सापडत नाही, आणि बिचारा प्रोग्रामर इंटरनेट तपासत बसतो. इलाज सोपा आहे. त्या चिन्हाऐवजी त्याचा सांकेतिक आकडा, ‘%४०’, रोमन अंकांत लिहायचा. त्याहून बरा इलाज म्हणजे असला पासवर्डच ठेवायचा नाही.

आणि पासवर्ड लिहायचा कुठे? प्रोग्राममध्ये नाही. प्रोग्राम हा चार जण वाचतात, त्याच्या प्रती निघतात, नोकरी सोडून गेलेल्याच्या लॅपटॉपवरही एक प्रत राहते. उबरचं २०१६ सालचं प्रकरण प्रसिद्ध आहे. घुसखोरांनी कंपनीचे प्रोग्राम ठेवलेल्या खासगी गिटहब भांडारात शिरकाव केला, तिथं त्यांना क्लाऊडच्या किल्ल्या सापडल्या, आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती बाहेर गेली. कंपनीनं ते नोव्हेंबर २०१७ पर्यंत जाहीरही केलं नाही. म्हणून पासवर्ड सर्व्हरच्या खासगी सेटिंगमध्ये किंवा गुपितं सांभाळणाऱ्या वेगळ्या सेवेत ठेवतात, आणि ॲप सुरू होताना तो तिथून उचलतं.

पत्ता मिळाला, पण दार उघडत नाही. नवख्याचा पहिला आठवडा इथंच जातो. माझ्या मते या टप्प्यावर कान लावून ऐकायला शिकणं हेच खरं कौशल्य आहे, कारण दार तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी बंद असतं.

पहिली तऱ्हा शांततेची. कडी वाजवली, आतून हूं नाही की चूं नाही. अर्ध्या-एक मिनिटानं ॲप कंटाळून ‘टाइम आउट’ म्हणतं. याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की देवडीवरच्या पहारेकऱ्यानं तुम्हाला आत सोडलेलंच नाही. हा पहारेकरी म्हणजे फायरवॉल. ॲमेझॉनच्या भाषेत त्याला सिक्युरिटी ग्रुप म्हणतात. यादीत नसलेल्याला तो ‘नाही’ सुद्धा म्हणत नाही, नुसतं दुर्लक्ष करतो. दुसरी तऱ्हा तडक नकाराची. कडी वाजवताच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. म्हणजे वाडा सापडला, पहारेकऱ्यानं सोडलं, पण त्या दारामागे कुणी राहत नाही. क्रमांक चुकला असेल किंवा डेटाबेस बंद असेल. तिसरी तऱ्हा चौकशीची: ‘तुम्ही कोण? ओळखलं नाही.’ मायएसक्यूएलमध्ये ही चूक क्रमांक १०४५. ती आली की खरं तर आनंद मानावा, कारण रस्ता पूर्ण मोकळा आहे, फक्त नाव किंवा पासवर्ड चुकतोय. शिवाय त्या संदेशात तुम्ही कुठून आला आहात असं डेटाबेसला दिसतंय तेही लिहिलेलं असतं. मायएसक्यूएलमध्ये वापरकर्त्याची ओळख नाव आणि गाव मिळून होते. ‘मुंबईचा शंकर’ आणि ‘साताऱ्याचा शंकर’ हे त्याच्या लेखी वेगळे. त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही १०४५ येऊ शकते, केवळ गाव जुळलं नाही म्हणून.

शांतता ऐकून वैतागलेला माणूस मग एक भयंकर काम करतो. पहारेकऱ्याच्या यादीत ‘कुठूनही, कुणीही’ असं लिहून मोकळा होतो. चालतं लगेच. म्हणूनच तर ते घातक. शॅडोसर्व्हर फाउंडेशननं २०२२ च्या मे महिन्यात इंटरनेट चाळून पाहिलं, तेव्हा ३६ लाखांहून अधिक मायएसक्यूएल सर्व्हर दार क्रमांक ३३०६ वर कुणालाही उत्तर देत असलेले सापडले. त्यातले सगळेच फोडता येतील असं नाही, पण चोराला दाराशी उभं राहून रात्रभर किल्ल्या लावून बघायची मुभा आपणच का द्यावी?

मग गावातल्या संगणकाचा आयपी पत्ता यादीत घालावा? तो टिकत नाही. गावच्या ब्रॉडबँडचा किंवा मोबाइलचा पत्ता आज एक, उद्या दुसरा. शिवाय एकाच पत्त्याआड शेकडो ग्राहक असू शकतात. म्हणून जाणते लोक गावातल्या संगणकाला डेटाबेसच्या दाराशी जाऊच देत नाहीत. मध्ये एक ॲप सर्व्हर बसवतात, तोही मुंबईतच, डेटाबेसच्या शेजारी. गावचा संगणक साध्या वेबच्या रस्त्यानं ॲप सर्व्हरशी बोलतो, आणि ३३०६ ची कडी फक्त ॲप सर्व्हर वाजवतो. डेटाबेसला तर बाहेरच्या जगात पत्ताच द्यायचा नाही, तो आतल्या खासगी जाळ्यात ठेवायचा. सिक्युरिटी ग्रुपच्या यादीत मग आकडी पत्ता लिहावा लागत नाही. ‘ॲप सर्व्हरच्या गटातून आला असेल तर सोडा’ एवढं पुरतं.

आता दार उघडलं. इथं मायएसक्यूएलची एक लकब मला फार आवडते. वेबवर आधी पाहुणा बोलतो, इथं यजमान बोलतो. कनेक्शन लागताक्षणी डेटाबेस स्वतःहून नमस्कार करतो. त्या नमस्कारात त्याची आवृत्ती असते आणि वीस बाइटांचा एक अगम्य, दर वेळी नवा तुकडा असतो. ॲपनं आपला पासवर्ड त्या तुकड्याबरोबर घुसळून जे निघेल ते परत पाठवायचं. डेटाबेस स्वतःकडे तेच गणित करून ताळा पाहतो. म्हणजे पासवर्ड न उच्चारता तो आपल्याला माहीत आहे हे सिद्ध होतं, आणि वाटेत कुणी ऐकलं तरी उद्या त्याचा उपयोग नाही, कारण उद्याचा तुकडा वेगळा. २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून यात थोडा बदल झाला आहे. डेटाबेस नुकताच सुरू झालेला असेल तर पहिल्या खेपेला पूर्ण पासवर्ड मागतो, पण तो सुरक्षित मार्गानंच, आणि एकदा पटलं की पुढे घुसळलेल्यावर भागवतो.

हा सुरक्षित मार्ग म्हणजे टीएलएस. बँकेच्या संकेतस्थळाला कुलूप दिसतं तेच इथं. मात्र इथल्या कुलपाला अनेक पायऱ्या आहेत आणि ठरलेली पायरी फसवी आहे. काही न सांगितल्यास मायएसक्यूएलचा स्वतःचा क्लायंट ‘जमलं तर कुलूप’ या तत्त्वावर चालतो. नाही जमलं तर उघड्यावर बोलतो. ‘कुलूप हवंच’ ही पुढची पायरी. पण तीही समोरचा खरोखर आपलाच डेटाबेस आहे का हे तपासत नाही. भामट्यानं स्वतःचं कुलूप आणलं तरी ती समाधानी. खरी खात्री शेवटच्या पायरीवर मिळते. तिथं ॲप समोरच्याचं प्रमाणपत्र पाहतं, त्यावर कुणाची सही आहे ते तपासतं आणि प्रमाणपत्रावरचं नाव आपण हाक मारलेल्या नावाशी जुळवतं. यासाठी सेवा देणाऱ्याचं मूळ प्रमाणपत्र ॲपजवळ ठेवावं लागतं. ते कायमचं नसतं. आरडीएसचं २०१९ चं मूळ प्रमाणपत्र ऑगस्ट २०२४ मध्ये संपलं. अनेक महिने सूचना येत होत्या, तरीही हे काम शेवटच्या आठवड्यापर्यंत ढकलणारे काही कमी नसणार. वाहनाच्या पीयूसीसारखंच आहे हे.

एवढ्या सलामी-नमस्कारात फेऱ्या किती झाल्या ते मोजू. तार जोडायला एक, नमस्काराला एक, कुलपाला एक किंवा दोन, ओळखीला एक किंवा दोन. चार ते सहा. अजून दुधाचा एक थेंबही नोंदला गेलेला नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया हे अंतर सरळ रेषेत १३ हजार किलोमीटरच्या आसपास. केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे एका फेरीला दोनशे मिलिसेकंदांच्या जवळपास लागतात. पाच फेऱ्यांचा एक सेकंद. ॲप सर्व्हर आणि डेटाबेस दोन्ही मुंबईत असतील तर तीच फेरी एखाद्या मिलिसेकंदाची. म्हणून ॲप मुंबईत आणि डेटाबेस व्हर्जिनियात, ही ‘तिकडे स्वस्त पडतं’ म्हणून केलेली मांडणी शेवटी महागात पडते. दर दहा दिवसांचं बिल काढताना प्रोग्रामनं आधी सभासदांची यादी मागवली आणि मग दोनशे सभासदांचा एकेकाचा हिशेब वेगळा मागितला, तर झाल्या दोनशे एक फेऱ्या. मुंबईत हे पाव सेकंदात उरकतं, व्हर्जिनियात चाळीस सेकंद लागतात. दोष प्रोग्रामचा, पण अंतरानं तो उघडा पाडला.

ओळख पटली, कनेक्शन लागलं. लोक इथं समजतात की आता मधली तार निर्जीव आहे, एका टोकानं टाकलं की दुसऱ्या टोकानं निघेल. तसं नाही. कनेक्शनला स्वतःची समजूत असते: समोरचा कुठल्या लिपीसंकेतात बोलतोय आणि त्याच्या घड्याळात किती वाजलेत. या दोन समजुतींनी मराठी माणसाला जेवढा त्रास दिलाय तेवढा फायरवॉलनंही दिला नसेल.

आधी लिपी. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांना काही सांगितलं नाही, तर त्या ‘लॅटिन-१’ हा पश्चिम युरोपीय संकेत धरून चालायच्या. त्यात देवनागरीला जागाच नाही. डेटाबेसनं अक्षरं त्या संकेतात बदलायचा प्रयत्न केला की सभासदाचं नाव ‘????’ होऊन बसायचं, आणि ते मग परत आणता यायचं नाही. दुसरा प्रकार जास्त मजेशीर. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. कनेक्शनला लॅटिन-१ वाटत असेल तर ते त्या तीन बाइटांची तीन वेगळी अक्षरं करतो. पहिलं नेहमी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’. दुसऱ्या जागी काटे फुटलेलं एक गोल चिन्ह, पण दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा किंवा पाय मोडायची खूण असेल तर तिथं जपानी येनचं चिन्ह. पावतीवर येन दिसायला लागले की सभासद म्हणतो, ‘आण्णा, दर परदेशी लावलाय काय?’ यावरचा इलाज म्हणजे कनेक्शन लावतानाच ‘यूटीएफ८-एमबी४’ असं बजावणं. शेपटीतलं ‘एमबी४’ विसरू नये. मायएसक्यूएलचा नुसता ‘यूटीएफ८’ बराच काळ तीनच बाइटांपर्यंत जायचा. मराठीला तेवढं पुरतं, पण शेऱ्यात कुणी हसरा चेहरा टाकला, चार बाइटांचा, की नोंद अडते.

मग घड्याळ. आरडीएसचा डेटाबेस, वेगळं काही सांगितलं नाही तर, जागतिक प्रमाणवेळेनुसार चालतो. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे डेटाबेसची मध्यरात्र आपल्याकडे बरोबर पहाटे साडेपाचला होते. आता या प्रकरणाच्या पहिल्या ओळीकडे परत जा. पाच वाजून वीस मिनिटांनी दूध घातलं, आणि प्रोग्रामनं तारीख डेटाबेसलाच विचारली, तर उत्तर येईल कालचं. साडेपाचच्या आधी आलेल्या सगळ्या किटल्या काल सकाळच्या खात्यात जातात, नंतरच्या आजच्या. आपल्या पंचांगात वार मध्यरात्रीला नाही, सूर्योदयाला बदलतो. उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवशी मुंबईतला डेटाबेस त्याच्या बराच जवळ येतो, हा निव्वळ योगायोग. बिल करणाऱ्याला मात्र त्याचं कौतुक नसतं. लवकर उठून येणाऱ्या चार-पाच सभासदांचे खाडे दिसतात आणि आदल्या दिवशी दोनदा दूध. कनेक्शन लागल्याबरोबर ‘आमची वेळ अधिक पाच तीस’ असं सांगितलं की हे थांबतं. पण ते प्रत्येक नव्या कनेक्शनला सांगावं लागतं. कालच्या कनेक्शनला सांगितलेलं आजच्याला ठाऊक नसतं. शिवाय रकान्याचा प्रकार ‘टाइमस्टँप’ असेल तर आत साठवताना जागतिक वेळ आणि दाखवताना कनेक्शनची वेळ असा अनुवाद होतो, ‘डेटटाइम’ असेल तर दिलं तसंच साठतं. एकाच डेटाबेसमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेले सापडले की मी चहा मागवतो.

कनेक्शन लावायला एवढे सोपस्कार, तर प्रत्येक पावतीसाठी नवं लावायचं का? नाही. दोनशे सभासदांनी आपापला काटा घरून आणला असता तर काय झालं असतं? संस्थेत काटा एक असतो, फार तर दोन. माणसं रांगेनं येतात, काटा मोकळा झाला की पुढचा सरकतो. तसंच ॲप सर्व्हर चार-दहा कनेक्शनं आधीच लावून ठेवतो, काम आलं की एक उचलतो, झालं की जागेवर ठेवतो. याला पूल म्हणतात. जावा जगतातला हिकारीसीपी हा गाजलेला पूल काही न सांगता दहा कनेक्शनं धरतो. नवखे लोक हा आकडा शंभर-दोनशे करून टाकतात, जास्त काटे म्हणजे जास्त वेग या हिशेबानं. होतं उलटं. डेटाबेसच्या यंत्राला दोन कोअर असतील तर तो एका वेळी खरोखर दोनच कामं करतो. बाकीची आत येऊन गर्दी करतात. हिकारीच्या कर्त्यांनी सांगितलेला ढोबळ हिशेब म्हणजे कोअरच्या दुप्पट, अधिक फिरत्या डिस्कची संख्या. आपल्या दोन कोअरवाल्या संस्थेला चार-पाच पुरेत. वर मर्यादाही आहे: मायएसक्यूएल ठरल्याप्रमाणे १५१ कनेक्शनं घेतो, आरडीएसवर हा आकडा मेमरीवरून ठरतो आणि एक जीबीच्या लहान यंत्रावर तो पंच्याऐंशीच्याही खाली येतो. तो भरला की चूक क्रमांक १०४०, ‘जागा नाही’.

पुलात ठेवलेल्या कनेक्शनचा एक आजार आहे, आणि तो दूध संस्थेला हमखास होतो. संध्याकाळचं संकलन आठला संपतं. सकाळचं पाचनंतर सुरू होतं. मध्ये नऊ-सव्वानऊ तास कनेक्शनं नुसती पडून. मायएसक्यूएल २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, वाट पाहतो आणि गप्प असलेल्याचं कनेक्शन तोडतो. पुलाला ते कळत नाही. फोन पलीकडून ठेवलाय आणि आपण कानाला लावून बसलोय अशी अवस्था. सकाळी पहिली किटली येते, बटण दाबलं जातं, आणि पडद्यावर ‘सर्व्हर निघून गेला’ या अर्थाचा संदेश. चूक क्रमांक २००६. लेखनिक पुन्हा दाबतो, चालतं. रोज पहिल्या सभासदाला असं होतं, आणि गावात बोलबाला होतो की या माणसाचा पायगुणच खराब. दोष पायगुणाचा नाही, आठ तासांवरच्या सव्वा तासाचा आहे. पुलाला सांगावं, की कुठलंही कनेक्शन अर्ध्या तासापेक्षा जुनं होऊ द्यायचं नाही. वय झालं की मोडून नवं लावायचं. हिकारीत हेच आधीपासून ठरलेलं असतं. इतर ठिकाणी आपल्याला लिहावं लागतं.

रात्रीच्या शांततेत तुटलेलं कनेक्शन निरुपद्रवी असतं. ऐन कामात तुटलेलं तसं नसतं. डेटाबेसचं यंत्र बिघडलं की आरडीएस, तशी सोय घेतली असेल तर, दुसऱ्या इमारतीतलं राखीव यंत्र पुढे आणतं, त्याला साधारण एक ते दोन मिनिटं लागतात. नाव तेच, आकडी पत्ता नवा. त्यामुळे नावामागचा आकडा ॲपनं पाठ करून ठेवला असेल तर ते मेलेल्या यंत्राचंच दार वाजवत राहतं. जावात ही खोड जुनी आहे, तिथं पाठांतराची मुदत मुद्दाम कमी करावी लागते. आणि पुन्हा प्रयत्न करायचा तर दमादमानं: एक सेकंद, दोन, चार, आठ, आणि त्यात थोडा लहरी कमी-जास्तपणा. शंभर दूध केंद्रांनी एकाच क्षणी कडी वाजवली तर नुकतंच उठलेलं यंत्र पुन्हा झोपतं.

पण प्रयत्न करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? समजा सभासद ११४ चं सहा लिटर चारशे मिली दूध नोंदवायला पाठवलं आणि त्याच क्षणी तार तुटली. उत्तर आलं नाही. नोंद झाली की नाही? दोन शक्यता आहेत. निरोप पोचायच्या आत तार तुटली, किंवा निरोप पोचला, नोंद बसली आणि ‘बसली’ हे परत येताना तार तुटली. गावात बसलेल्याला दोन्ही सारख्याच दिसतात. पुन्हा पाठवावं तर दूध दोनदा चढेल, न पाठवावं तर सभासद बुडेल. कितीही भारी क्लाऊड घ्या, हा पेच पैशानं सुटत नाही. मध्ये अंतर आहे तोवर तो आहे.

तो सुटतो कारकुनी शहाणपणानं. पावतीचा क्रमांक डेटाबेसनं द्यायचा नाही. बटण दाबण्याआधी गावातल्या संगणकानंच तो ठरवायचा, केंद्र, तारीख, वेळ आणि अनुक्रम मिळून, आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर नियम घालायचा की एकच क्रमांक दोनदा बसणार नाही. मग उत्तर नाही आलं तर तीच पावती, त्याच क्रमांकानं, बिनधास्त पुन्हा पाठवायची. आधी पोचली नसेल तर आता बसेल. पोचली असेल तर डेटाबेस चूक क्रमांक १०६२ परत पाठवेल: ही नोंद आधीच आहे. ॲपला शिकवून ठेवायचं, की याच पावतीच्या क्रमांकावर १०६२ आली तर लाल अक्षरं दाखवायची नाहीत, सरळ पावती छापायची. रांगेतला पुढचा माणूस किटली पुढे करतो.